खाडीतला घोडा

पत्रक कसं लिहायचं हे मला शिकवलेलं आहे. पहिल्या ओळीत कोण मेलं, दुसऱ्या ओळीत कोणामुळे मेलं, तिसऱ्या ओळीत मागणी, आणि तळाला मोर्चाची वेळ. पान एकच. अक्षर मोठं, कारण अर्धे लोक एसटीच्या थांब्यावर उभ्याउभ्या वाचतात आणि उरलेले अर्धे दुसऱ्याकडून वाचून घेतात. जव्हारला आमच्या संघटनेच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि त्याची शाई कायम माझ्या बोटांना लागलेली. मास्तरांची मुलगी आणि हात बघा, कोळशाच्या वखारीतले, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्या बाईसाठी मी पत्रकांमागून पत्रकं लिहिली. काही झालं नाही. मग आम्ही खाडीत एक घोडा उभा केला, आणि एका ओहोटीत सगळं झालं.

ती पिंजाळ नदीच्या काठच्या एका पाड्यावरची. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. भात झोडून झालं, दिवाळी उरकली, की तिचा नवरा पाड्यातल्या निम्म्या पुरुषांसारखा खाली वैतरणेच्या खाडीवर रेती काढायला जायचा. रेती कशी काढतात ते, ज्यांची घरं त्या रेतीवर उभी आहेत त्यांनाच ठाऊक नसतं, म्हणून सांगते. होडी खाडीत मध्यावर नेतात आणि तळात बांबू रोवतात. माणूस श्वास कोंडून त्या बांबूला धरत खाली जातो, लोखंडी बादली रेतीत खुपसून भरतो, दोरीला हिसका देतो. होडीतला गडी बादली ओढून घेतो. याला डुबी म्हणतात. दिवसभर डुब्या. कान फुटतात, डोळे लाल होतात, आणि संध्याकाळी त्या रेतीचे ट्रक बिल्डरकडे जातात.

एका डुबीला तो खाली गेला आणि वर आला नाही. हे आम्हाला त्याच्याबरोबरच्या एका गड्याने होळीला दारूच्या भरात सांगितलं, आणि उतरल्यावर नाकारलं. कारण मुकादमाने सगळ्यांना दम भरला होता. मुकादम म्हणजे गावोगावी फिरून मजूर गोळा करून नेणारा माणूस. हा काही परका नव्हता. मोखाड्याकडचाच, यांच्यासारखाच बोलणारा, यांच्याच देवांना कोंबडं कापणारा. पोलिसांपुढे तो म्हणाला, हा माणूस यंदा आमच्याकडे कामाला आलाच नव्हता. प्रेत खाडीने समुद्रात नेलं असणार, ते मिळालं नाही. प्रेत नाही म्हणजे मरण नाही. पोलिसांनी लिहून टाकलं, घर सोडून निघून गेला.

आता माणूस घर सोडून गेला असं सरकारनेच लिहिल्यावर गाव गप्प बसेल का? गावाने त्याला भिवंडीत एक बाई बघून दिली. तिला घर दिलं, पोर दिलं. नदीवर धुणं धुताना वहिनीच्या पाठीमागे बोलणी चालायची.

"भिवंडीवाली गोरी हाय म्हणं."

"मंग काय. हिच्यासारखी काटकी कोण ठेवल."

एकदा हे माझ्यासमोर झालं आणि मी त्या बायांना झापलं. वहिनी म्हणाली, "बाय, तू गेल्यावर त्या दुप्पट बोलतील."

घरात सासू. म्हातारीचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. रस्त्याला जीप थांबल्याचा आवाज आला की दारातून विचारायची, "आला का?" नाही म्हटलं की पुन्हा पाय पोटाशी घेऊन बसायची. तिच्या हिशेबी पोरगा जिवंत होता आणि सुनेने त्याला पळवून लावला होता.

तेव्हा वहिनीला काय हवं होतं हे एकदा सरळ सांगते, कारण मलाच ते नीट कळायला वेळ लागला. मी पत्रकात भरपाई मागितली होती, चौकशी मागितली होती, मुकादमाला अटक मागितली होती. तिला हवं होतं एवढंच, की तो तिला टाकून गेला नाही, खाडीत मेला, हे ज्याने बघितलं त्याने तोंडाने म्हणावं. आणि म्हातारीला ऐकू जाईल असं म्हणावं.

ती एकदा आमच्या खोलीवर आली. नवीन पत्रकाचा गठ्ठा वाळत होता. तिने एक कागद उचलला, उलटा धरला, सुलटा धरला.

"बाय, हे मुकादम वाचतो?"

"वाचता येतं त्याला."

"वाचून काय म्हणाला?"

मागच्या पत्रकात त्याने तंबाखू बांधलेली मी मोखाड्याच्या बाजारात स्वतः पाहिली होती.

"मी त्याचा वीर लावणार," ती म्हणाली. "खाडीत."

पाड्यावरच्या आदिवासींत माणूस गेला की त्याचा वीर लावतात. लाकडाची जाड फळी, तिच्यावर सगळ्यात वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. पाड्याबाहेर अशा मेलेल्यांची ओळच असते, उन्हापावसाने करडी झालेली. पण माणूस घराबाहेर, अवचित गेला, तर वीर ओळीत लावायचा नाही. जिथे जीव गेला तिथेच. झाडावरून पडला तर त्या झाडाखाली, ओढ्याने नेला तर त्या ओढ्यात. मी हे लहानपणापासून बघत आले होते आणि कधी नीट बघितलं नव्हतं.

त्या क्षणी मात्र माझं डोकं भणभणलं. वावर-वांगणीला पोरं कुपोषणाने गेली तेव्हा मी शाळेत होते. डोंगर चढून गाड्यांची रांग आली, कॅमेरे आले, पांढरे कपडे आले, आणि मला तेव्हाच कळलं की दाखवायला काही असेल तर शहर डोंगर चढतं. या माणसाचं दाखवायला काहीच नव्हतं. आता असणार होतं. मुंबईत चौकाचौकात पुतळे आहेत, घोडे आहेत, तलवारी आहेत. ज्याच्या बादलीतल्या रेतीने ते सगळे चौथरे बांधले, त्याचा एकही नाही. तो आम्ही लावू. आणि लावू तर असा, की महामार्गाच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल. मी रात्रभर कागदावर चित्रं काढली. सगळ्या चित्रांत वळलेली मूठ होती.

लाकूड तिने दिलं. नवऱ्याने नवीन घराच्या मधल्या खांबासाठी सागाचं खोड जंगलखात्याचा रीतसर पास काढून आणून ठेवलं होतं. दोन पुरुषांहून उंच, सरळसोट. त्या घरासाठीच तर तो डुब्या मारत होता. म्हातारीला सांगितलं, खांब विकला. म्हातारी म्हणाली, आता घर पण विक.

कोरणारा होता नवऱ्याचा चुलता. त्याच्याशी माझं जे भांडण झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

"बाबा, घोडा नको," मी म्हटलं. "एका हातात बादली, दुसरी मूठ वर."

"मूठ कशाला?"

"लढतोय म्हणून."

"तो कोणाशी लढला? बाजारात भांडण लागलं की हा आधी पळायचा."

"ते चिन्ह असतं, बाबा."

"आन् घोड्याबिगर जाईल कसा? चालत?"

"तो जन्मात कधी घोड्यावर बसला नाही."

"म्हणून तर."

यावर काय बोलणार? मी तरी बोलले. तासभर बोलले. शोषण, श्रम, सरंजामी प्रतीकं, सगळं काढलं. म्हातारा किकरं, म्हणजे कोरायचं हत्यार, चालवत राहिला. शेवटी म्हणाला, "बादली देतो तुला. तलवार तरी कुठं होती त्याच्याकडं." त्यामुळे घोडा राहिला, त्याच्यावर पोरगेला माणूस बसला, आणि तलवार धरायच्या हातात बादली आली. घोड्याचे कान मोठे झाले होते, बैलासारखे. चुलत्याने घोडा जवळून बघितला नव्हता. मी एवढंच विचारलं, मूठ कुठंच नाही का? तो म्हणाला, "बादली धरलीय ती मुठीतच ना."

एका सकाळी अंधार फिटायच्या आत टेम्पो भरला. खांब मधोमध, गोणपाटात गुंडाळलेला. चुलत्याने पिंजाळच्या पात्रातले गोटे गोण्यांत भरून ठेवले होते, तेही चढवायला लावले. टेम्पोवाला जव्हारचा, तोंडाने फाटका.

"बाबा, खाली दगड मिळत नाय काय? आमच्या गाडीचे पाटे तुटतील."

"आपल्या नदीचे पाहिजेत."

"नदीला ठाऊक तरी हाय का, आपली कोणती?"

चुलता म्हणाला, "तिचंच पाणी तिथं जातं. वैतरणेला मिळून." टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली. पुढे खाडीवर पोचल्यावर बघितलं, तर मैलभर चिखल आणि रेती, मुठीएवढा दगड कुठे सापडेना. त्या गोण्या नसत्या तर सगळं तिथेच संपलं असतं.

वाटेत जंगलखात्याच्या नाक्यावर गाडी अडवली. शिपायाने गोणपाट वर केलं. पास दाखवायला मी पुढे होतेय, तोवर टेम्पोवाला बोलून मोकळा. "देव हाय साहेब. खाडीवर चाललाय." शिपायाने खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि दांडा वर केला. माझी देवाबद्दलची मतं संघटनेत सगळ्यांना माहीत होती. मी पास पुन्हा पिशवीत घातला. वहिनी माझ्याकडे बघून पदराआड हसली. कित्येक महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते.

खाडीवर पोचलो तेव्हा भरती संपत आली होती. वहिनीने खाडी कधी बघितली नव्हती. काठावर उभी राहून ती पाण्याकडे बघत होती, आणि पाणी समुद्राच्या बाजूने डोंगराकडे चाललं होतं, काटक्या, बाटल्या, फेस घेऊन.

"बाय, ही नदी उलटी चाललीय."

"भरती आहे. थोड्या वेळाने वळेल."

"गेलेलं पाणी परत येतं?"

"दिवसातनं दोनदा."

आमच्याकडे नदी एकदा खाली गेली की गेली. माझ्या मनात आलं ते तिच्याही मनात आलं असणार: पाणी परत येतं तर तो का नाही आला?

पाणी वळलं तसे डुबीवाले जमायला लागले. सगळे वरचेच, जव्हार-मोखाड्याचे. आदल्या आठवड्यात मी झोपड्याझोपड्यांतून तोंडी निरोप दिला होता, कागद न देता. कोण येईल याची खात्री नव्हती. आले. होड्या काठाला लावून आले. एकाने विचारलं, "मुकादम काय बोलल?" दुसरा म्हणाला, "वीर लावताना काम करायचं नसतं, हे त्यालाबी ठाऊक हाय." बघता बघता खाडीतला सगळा धंदा थांबला. संप करा म्हणून मी वर्षभर सांगत होते, तेव्हा एक होडी थांबली नव्हती.

ओहोटीला पुलासमोर रेतीची पाठ उघडी पडते. ती जागा मी आधीच हेरून ठेवली होती. डुबीवाल्यांनी बादल्यांनीच खड्डा काढला. खांब खांद्यावर घेतला, हो-हो करत उभा केला, बुडाला गोटे टाकले. गोणपाट काढलं. ऊन थेट त्या चंद्र-सूर्यावर पडलं. पुलावर एक ट्रक हळू झाला, मग एक एसटी. खिडक्यांतून माना बाहेर. कोणीतरी हॉर्न वाजवला. मी घोषणा द्यायला लागले, आणि डुबीवाले, जे मोर्चात तोंड उघडत नसत, ते जोरात साथ द्यायला लागले. चुलता घोषणा देत नव्हता. तो एकटक खांबाकडे बघत कान खाजवत उभा होता. बहुधा घोड्याचे कान त्याला आता खटकत असावेत.

तेवढ्यात मोटारसायकल आली. मुकादम, आणि मागच्या सीटवर रेतीच्या ठेकेदाराचा मुनशी, हिशेब ठेवणारा, बाहेरचा माणूस. घोषणा आणखी चढल्या. मी पुढे झाले. आज हा खांब उपटायला माणसं आणणार, मारामारी होणार, छान, होऊ दे, असं मला वाटत होतं. मुकादमाने चपला हातात घेतल्या आणि चिखल तुडवत आला. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. खांबाकडे बघितलं. घोडा बघितला. बादली बघितली. त्याचं तोंड उतरलं.

"हा इथं कोणी लावला?"

"आम्ही," मी म्हटलं. "तुमच्याकडे जो कामाला आलाच नव्हता त्याचा आहे. परवानगी विचारताय काय?"

"परवानगी गेली खड्ड्यात. इथं कशाला लावला?" तो चुलत्याकडे वळला. "म्हाताऱ्या, तुला तरी कळाय पाहिजे होतं. तो इथं नाय मेला."

घोषणा कधी थांबल्या ते कळलं नाही. पुलावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"कुठं मेला?" वहिनी म्हणाली. हळू. विचारल्यासारखं सुद्धा नाही.

मुकादमाला आता उमगलं की आपण काय बोललो. पण तो थांबला नाही. मला वाटतं त्याला थांबता आलं नाही. "वर, वळणापलीकडं. खडकाचं नाक हाय तिथं. रेती खालनं सुटली, बांबू निसटला. मी होतो होडीत. दोरी माझ्या हातात होती." मग पुन्हा चुलत्याला, चिडून, "आन् तुमी त्याला इथं उभा केला. माणूस तिथं, वीर इथं. तो भटकल का नाय? ह्याच पाण्यात माझा भाऊ डुबी मारतो."

मुनशी मागून ओरडला, "क्या बोल रहा है तू? पागल हो गया?"

"तुमको नहीं समझेगा, सेठ," मुकादम म्हणाला. "ये गलत जगह पे है."

मी भडकले होते. वर्षभर अर्ज, जबाब, चकरा, पत्रकं. आणि हा माणूस इथे चिखलात उभा राहून जागेवरून हुज्जत घालतोय. "पोलिसांना का नाही सांगितलंत हे?"

तो माझ्याकडे वळला आणि मी काहीतरी बिनडोक विचारल्यासारखा म्हणाला, "पोलिसांना वीर लावायचा नव्हता."

डुबीवाल्यांत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, मुकादम सोडून. आणि हसू थांबल्यावर एकेक बोलायला लागला. हो, खडकाजवळच. मी दुसऱ्या होडीवर होतो. मी बांबू वाहत येताना बघितला. होळीला बोलून नाकारणारा गडीही तिथेच होता. तो पुढे आला आणि वहिनीसमोर मान खाली घालून उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "दोरी आण."

आता खांब हलवायचा होता. इथे मी आडवी आले, हे लिहायला हवं. खडकाचं नाक वळणाच्या पलीकडे. पुलावरून दिसत नाही. गाडीतून नाही, एसटीतून नाही, कशातूनच नाही. दिसेल तो फक्त होड्यांना.

"वहिनी, तो बोलला ना? सगळ्यांसमोर बोलला. मग खांब राहू दे की इथे. जगाला दिसेल."

"तो तिथं हाय, बाय."

"पण कोणाला दिसणार?"

"जे पाण्यात जातात त्यांना."

ती साडी खोचून पाण्यात उतरलीसुद्धा होती. बाकीचे तिच्या मागे. मी कोण अडवणारी? मीही उतरले.

मग जी धावपळ झाली तशी मी आजवर कुठल्या मोर्चात बघितली नाही. ओहोटी संपत आली होती. पाणी वळायच्या आत खांब उभा राहायला हवा, नाहीतर पुढची ओहोटी, आणि तोवर ठेकेदाराची माणसं. खांब उपटला, आडवा करून पाण्यात सोडला. लाकूडच ते, तरंगलं. दोरी बांधून होडीमागे ओढत नेलं, घोडा पालथा, बादली वर. गोण्या दुसऱ्या होडीत. टेम्पोवाला काठावरून पळत होता आणि ओरडत होता, "डावीकडं, डावीकडं घ्या, त्याचा कान तुटल."

खडकाजवळ ओहोटीलाही कमरेइतकं पाणी होतं. मुकादम काठावरून हात करून दाखवायला लागला. तिकडे, थोडं अलीकडे, नाही, पलीकडे. वहिनी कमरेभर पाण्यात उभी. म्हणाली, "तू ये. उभा राहून दाखव."

तो थांबला. मुनशी काठावर त्याच्या शेजारीच होता. मुकादमाने चपला त्याच्या हातात दिल्या. मुनशीने त्या घेतल्याही, गोंधळून. मुकादम पाण्यात उतरला, पायाने तळ चाचपत चाचपत गेला, खडकापासून हातभर अंतरावर उभा राहिला, आणि खाली बघत म्हणाला, "इथं." त्याची पँट, शर्ट, खिशातली विडी, सगळं भिजलं होतं. सगळ्यांनी बघितलं. कुठल्याही कोर्टात असा जबाब मी अजून ऐकलेला नाही.

डुबीवाले खाली गेले. एक वर आला की दुसरा खाली. एरवी ज्या बादल्यांनी ते खाडी उपसून मुंबईला देत, त्याच बादल्यांनी त्याच्यासाठी खड्डा काढत होते. मी खडकावर गुडघे टेकून दोरी धरली होती. हाताची सालं निघाली. खांबाचं बुड खड्ड्यात बसवलं की लाकूड पुन्हा वर उसळी मारायचं. दोनदा आडवा झाला. तेवढ्यात काठाशी अडकलेली एक बाटली डोंगराच्या दिशेने सरकायला लागली, आणि कोणीतरी म्हणालं, "वळलं." पाणी वळलं होतं. आता घाई. गोण्या खाली, गोट्यांच्या गोण्या, एकेकीबरोबर माणूस डुबी मारून ती बुडाशी दाबून बसवणार. शेवटची गोणी मुकादमाने घेतली. तो पुष्कळ वर्षांत खाली गेला नव्हता, आता तो डुबीवाला नव्हता, डुब्या मारून घेणारा होता. तो खाली गेला आणि आम्ही सगळे पाण्याकडे बघत राहिलो. वहिनीने माझा दंड इतका आवळला की पुढे काही दिवस तिथे वळ होता. मग त्याचं डोकं वर आलं, खोकत.

चुलत्याने खांबाला खांदा लावून धक्का दिला. हलला नाही.

आम्ही काठावर बसून भरती बघितली. पाणी घोड्याच्या खुरांवर आलं, गुडघ्यांवर आलं, पोटाला लागलं. पाय दिसेनासे झाले आणि घोडा पोहायला लागला. खरंच पोहायला लागला. लाटेबरोबर पाणी त्याच्या छातीला फुटायचं आणि वाटायचं, आता पुढे सरकला. मोठे कान पाण्यावर उभे. वरचा माणूस बादली घेऊन डोंगराकडे निघाला होता, कारण पाणीच डोंगराकडे चाललं होतं. मला एकदम मूठ आठवली, आणि मी चुलत्याकडे बघितलं. तो आधीच माझ्याकडे बघत होता.

आता होडीवाले त्या वळणाला घोडा म्हणतात. घोड्याच्या अलीकडे रेती बरी, घोड्याच्या पलीकडे खोल, असं. पुढे मुकादमाने पोलिसांतही जबाब दिला, पण ती लढाई वेगळी, तिची पत्रकं वेगळी, आणि ती अजून चालू आहे.

त्या दिवशी मात्र त्याने साफ नकार दिला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चौकीवर चला. तो म्हणाला, "पोलिसांकडं मी येणार नाय." मी तोंड उघडलं, तोच वहिनी म्हणाली, "पोलिसांकडं कोण बोलवतंय तुला. घरी चल. म्हातारीला सांग."

"आत्ता?"

"मंग कधी?"

तो भिजलेल्या कपड्यांनी टेम्पोत चढला. सकाळी जिथे खांब आडवा होता तिथे तो बसला, गोणपाट अंगाभोवती घेऊन. मुनशी चपला घेऊन काठावर उभाच. टेम्पोवाल्याने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "जाताना देव होता, येताना हा हाय. नाक्यावर काय सांगू?" घाट चढेपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्या विरोधात भाषण तयार करत होते. तोवर तो थंडीने कुडकुडायला लागला आणि वहिनीने आपली घोंगडी त्याच्याकडे टाकली. मला ते आवडलं नाही. तसं मी बोललेही. ती म्हणाली, "बोलायच्या आधी घसा बसला तर?"

पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. नदीवरून परतणाऱ्या बायका हंडे घेऊन थांबल्या. टेम्पोचा आवाज ऐकून म्हातारीने दारातून विचारलं, "आला का?"

वहिनीने मुकादमाला पुढे केलं. तो म्हातारीसमोर उकिडवा बसला, तिचा हात धरला, आणि आपण कोण ते सांगितलं. मग होडी, बांबू, खडक, दोरी. सुरुवातीला तो पुटपुटत होता. वहिनी म्हणाली, "मोठ्यानं. त्यांना ऐकू येऊ दे." म्हातारीला तर सगळं ऐकू यायचं. वहिनी हंडेवाल्या बायांबद्दल बोलत होती. त्याने मोठ्याने सांगितलं. अंगणाबाहेर एकही बाई हलली नाही.

त्याचं सांगून झालं तरी म्हातारीने हात सोडला नाही. चाचपून तिने त्याची ओली बाही बघितली, जणू पाणी तिथून आलंय का ते बघत होती. मग तिने मान वळवली, कोणाकडे म्हणून नाही, आम्हा सगळ्यांकडे.

"घोडा दिला ना त्याला?"

चुलता दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिला.

"दिला, आजी," मी म्हटलं. "मोठ्या कानांचा."

म्हातारीने मान हलवली. मग हात पुढे करून सुनेला जवळ बोलावलं.